जांघेतला हर्निया: ऑपरेशनआधीचे चार आठवडे आणि नंतरचे सहा

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. वर्षभरापासून उजव्या जांघेत फुगवटा. उभं राहिलं की येतो, आडवं झालं की आत जातो. हल्ली तो अंडाच्या पिशवीत उतरू लागलाय आणि संध्याकाळी ओढ लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. तंबाखू आहे. रात्री तीनदा लघवीला उठतात. एक सर्जन उघडं ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीचं. जाळी बसवावी का, थांबलं तर चालेल का, तयारी काय करायची, आणि आत्ता जुलै संपताना ठरवलं तर ऑक्टोबर छाटणीला ते उभे राहतील का?

सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: रात्री तीनदा लघवी. हर्नियाच्या ऑपरेशननंतर साठीच्या पुढच्या पुरुषांना पहिल्या रात्री हमखास छळणारी गोष्ट म्हणजे लघवी तुंबणं, आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनाच ती जास्त गाठते. त्याकडे पुढे येतो. आधी हर्निया म्हणजे काय ते, कारण ते समजलं की बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

जांघेत पोटाच्या भिंतीतून तिरका जाणारा साधारण चार सेंटिमीटरचा एक बोगदा असतो. पुरुषांमध्ये त्यातून वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका जातात. म्हणजे ही जागा निसर्गानंच कच्ची ठेवलेली आहे. या बोगद्याच्या आतल्या तोंडातून पोटाचं अस्तर पिशवीसारखं बाहेर सरकतं आणि तिच्यात चरबी किंवा आतडं उतरतं. गावाकडे 'आतडं उतरलंय' म्हणतात ते अगदी बरोबर आहे. अंडाच्या पिशवीपर्यंत पोचणारा हर्निया बहुधा या वाटेनं आलेला असतो. दुसरा प्रकार बोगद्याची मागची भिंतच सैल पडून समोर फुगण्याचा. तो सहसा खाली उतरत नाही. दोन्हींत दोष भिंतीच्या ऊतींत असतो, म्हणून कुठलंही औषध, काढा, मालिश किंवा व्यायाम ते भोक बुजवत नाही. जड उचलल्यानं हर्निया 'झाला' असं लोक म्हणतात, पण बऱ्याचदा उचलल्यानं तो फक्त दिसायला लागलेला असतो.

पट्ट्याबद्दल. ऑपरेशन शक्यच नाही अशा माणसाला तात्पुरता आधार म्हणून पट्टा ठीक. तुमच्या वडिलांना त्याचा उपयोग नाही, आणि पट्ट्याखाली आतडं अडकलेलं असताना तो आवळून बसणं धोक्याचं आहे.

थांबलं तर चालेल का? फारसा त्रास नसलेल्या पुरुषांच्या बाबतीत याचं चांगलं उत्तर उपलब्ध आहे. २००६ साली अमेरिकेतला ७२० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांवर फक्त लक्ष. थांबलेल्यांमध्ये आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी निघालं. पण त्यांचाच दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा जवळपास ६८ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि मुख्य कारण दुखणं हेच होतं. म्हणजे घाई नको, पण ऑपरेशन टळत नाही, पुढे ढकललं जातं. तुमच्या वडिलांचा खाली उतरतोय आणि दुखतोय, त्यामुळे त्यांनी करून घ्यावं. मात्र पुढच्या आठवड्यातच करायला हवं असं काही नाही. हा मोकळा वेळच तयारीसाठी वापरायचा आहे. (हे पुरुषांपुरतं. बाईच्या जांघेत फुगवटा असेल तर तो मांडीच्या रक्तवाहिनीशेजारच्या अरुंद वाटेनं आलेला असू शकतो. तो अडकण्याचा धोका बराच जास्त, तिथे वाट पाहायची नाही.)

मधल्या काळात एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. एरवी आत जाणारा फुगवटा जाईना, कडक झाला, हात लावू देईना, सोबत उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला किंवा वरची कातडी लाल-काळी दिसू लागली, तर ते आतडं अडकलंय. त्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. जोर लावून ढकलायचं नाही, शेकायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही असतील अशा रुग्णालयात थेट न्यायचं. सकाळपर्यंत बघू, हा विचार इथे आतडं कापायची वेळ आणतो.

आता जाळी. १८८७ च्या सुमारास इटलीतल्या पादुआच्या बासिनी यांनी मागची भिंत टाक्यांनी शिवायची पद्धत रूढ केली आणि जवळपास शतकभर जग तसंच शिवत राहिलं. अडचण एकच: सैल पडलेल्या ऊती ओढून एकमेकींना शिवल्या की टाक्यांवर ताण येतो आणि ताण आला की ते हळूहळू कापत जातात. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिक्टेन्स्टाइन यांनी ओढाओढ सोडून भोकावर पॉलिप्रॉपिलिनची सपाट जाळी अंथरायला सुरुवात केली. शरीर त्या जाळीच्या छिद्रांतून स्वतःचं तंतुमय जाळं विणतं आणि काही आठवड्यांत ती भिंतीचा भाग होते. उघड्या ऑपरेशनमध्ये आजही मुख्यतः हेच करतात. जाळी साधारण ७.५ × १५ सेंटिमीटरची, आणि ती जांघेच्या हाडाच्या टोकापलीकडे दीड-दोन सेंटिमीटर जायलाच हवी. तिथे आखूड पडली तर हर्निया नेमका त्याच कोपऱ्यातून परत येतो.

जाळीची भीती घालणारे बरेच भेटतात. प्रौढांत जाळीमुळे हर्निया परतण्याचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, हे निर्विवाद आहे. जाळीच्या किमतीचा प्रश्न तर आपल्याच महाराष्ट्रात सोडवला गेला: धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड योग्य रीतीनं निर्जंतुक करून वापरलं आणि इतर सर्जनांसोबतचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या तुलनेतही मच्छरदाणीच्या जाळीचे वर्षभरानंतरचे निकाल महागड्या जाळीच्या तोडीचे निघाले. तेव्हा 'परदेशी जाळी लाखमोलाची' वगैरे ऐकून दबून जाऊ नका. साधी, मोठ्या छिद्रांची, आणि एकाच माणसासाठी सीलबंद पाकिटातून काढलेली जाळी पुरते. ज्यांना जाळी नकोच, त्यांच्यासाठी पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत आहे. तीत रुग्णाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी मागच्या भिंतीला लावतात. ती नेहमी करणारा सर्जन मिळाला तर विचार करण्यासारखी आहे. हौस म्हणून कुणाकडून करून घेण्यासारखी नाही.

उघडं की दुर्बीण? दुर्बिणीत बेंबीपाशी एक दहा मिलिमीटरचं आणि पाच-पाच मिलिमीटरची दोन छिद्रं पाडतात. जाळी भिंतीच्या मागून, आतल्या बाजूनं अंथरतात, किमान १० × १५ सेंटिमीटरची. दुखणं कमी, कामावर लवकर जाता येतं, आणि दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच तीन छिद्रांतून दोन्ही होतात. पण पूर्ण भूल लागते, खर्च वाढतो, आणि हात बसायला सर्जनला पन्नास ते शंभर ऑपरेशनं करावी लागतात. म्हणून 'कोणतं चांगलं?' यापेक्षा 'तुम्ही हे वर्षाला किती करता?' हा प्रश्न जास्त उपयोगी. तो विचारण्यात अपमान काही नाही.

तुमच्या वडिलांसाठी माझा कल उघड्याकडे आहे, एकाच बाजूचा आणि पहिलाच असेल तर. कारणं दोन. उघडं ऑपरेशन फक्त जागा बधिर करून, सोबत हलकं गुंगीचं औषध देऊन करता येतं, आणि मणक्यात दिलेल्या भुलेच्या मानानं त्यात लघवी तुंबण्याचा संभव बराच कमी. दुसरं, दुर्बिणीची जाळी जिथे बसते ती जागा मूत्राशयाला लागून आहे; पुढे कधी प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) मोठी शस्त्रक्रिया लागली तर तिथलं काम अवघड होतं. तपासणीत डावीकडेही हर्निया सापडला, तर मात्र अनुभवी हातांत दुर्बीण सरस. तपासणी उभं करून, खोकायला लावून झाली होती का ते आठवून बघा. नुसतं झोपवून तपासलं की दुसरी बाजू सुटते.

आता लघवी. तीनदा उठायची तीन कारणं असू शकतात आणि वडिलांच्या बाबतीत तिन्ही शक्य आहेत. एक, प्रोस्टेट. दोन, साखर जास्त. तीन, खुद्द डापाग्लिफ्लोझिन: हे औषध साखर लघवीवाटे बाहेर काढतं, त्यासोबत पाणीही जातं. धार बारीक झालीय का, सुरू व्हायला वेळ लागतो का, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का, हे त्यांना विचारा. उत्तर 'हो' असेल तर सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते मोजून घ्या. शंभर मिलिलिटरच्या वर उरत असेल तर आधी मूत्रविकारतज्ज्ञ. बऱ्याचदा टॅम्सुलोसिन हे लघवीची वाट सैल करणारं औषध काही दिवस आधी सुरू करतात. त्यानं उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ते रात्री घेतात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर हे औषध घेतल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचंच. बाहुलीचा पडदा त्यानं सैल पडतो.

तंबाखू आजपासून बंद. चार आठवडे तरी हवेत. निकोटिननं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेत जंतू शिरण्याचा धोका वाढतो. चघळायची तंबाखू आणि मशेरी यांतूनही निकोटिन तितकंच मिळतं, 'मी बिडी ओढत नाही' याला इथे अर्थ नाही.

साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. आठच्या खाली असावी. नऊ-दहा आली तर ऑपरेशन महिना-दोन महिने पुढे ढकललेलं बरं, कारण जाळीला जंतुसंसर्ग झाला तर ती काढायची वेळ येऊ शकते. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकी तपासून घ्या. बद्धकोष्ठ असेल तर रोज रात्री इसबगोल आणि दिवसभर भरपूर पाणी. पण शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल किंवा रक्त जात असेल तर या वयात आधी मोठं आतडं तपासायचं. कधी कधी कुंथायचं कारण तिथे असतं.

एक गोष्ट सगळे विसरतात: जांघेतला नायटा. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत राबणाऱ्यांत तो सर्रास असतो, लाजेनं कुणी दाखवत नाही, आणि ऑपरेशनच्या टेबलावर तो दिसला की सर्जन तारीख पुढे ढकलतात. ते बरोबरच आहे. दुकानातून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमं खाज थांबवतात, पण नायटा पसरवतात. त्वचारोगतज्ज्ञांकडून तीन-चार आठवड्यांचे नीट उपचार घ्या. तिथले केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. वस्तऱ्याच्या बारीक जखमांत जंतू वाढतात. गरज असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात क्लिपरनं कापतील.

औषधांची यादी करत बसू नका. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, पिशवीत भरून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. डापाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस आधी बंद करावं लागतं. ते चालू ठेवून उपाशी राहिलं तर शरीरात आम्ल साचतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसत असल्यानं ते लक्षातच येत नाही. नुसती मळमळ, पोटदुखी आणि जोरात श्वास. मेटफॉर्मिन त्या सकाळी घ्यायचं नाही. टेल्मिसार्टन भूल देताना रक्तदाब फार खाली आणतं, म्हणून ते बहुधा त्या सकाळी टाळायला सांगतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं औषध, चालू असेल तर ते मात्र बंद करायचं नसतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांत ॲस्पिरिन बहुतेकदा चालू राहतं, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आणि वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. स्वतःच्या मनानं बंद करणं हर्नियापेक्षा घातक.

रक्ततपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि ईसीजी या वयात लागतात. फुगवटा स्पष्ट दिसत असेल तर निदानासाठी सोनोग्राफीची गरज नसते, ती लघवीसाठी करा.

रुग्णालयाला दोन गोष्टी विचारा. दुर्बिणीनं करणार असाल तर उपकरणं वाफेनं किंवा ईटीओ वायूनं निर्जंतुक करता का? नुसत्या द्रावणात बुडवून काढलेल्या उपकरणांतून एक चिवट जातीचा जंतू जखमेत शिरतो, त्याबद्दल शेवटी लिहितो. आणि जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर, म्हणजे कंपनी, माप, लॉट क्रमांक, डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. पुढे कधी दुसऱ्या सर्जनला त्या जागी हात घालावा लागला तर त्या चिटोऱ्याचं मोल कळतं. विमा असेल तर पॉलिसी काढून बघा: आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत हर्नियासाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो.

त्या दिवशी: जेवण सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर आठ तास. दुधाचा चहा जेवणातच धरायचा. 'अर्धा कपच घेतला' म्हणून ऑपरेशन रद्द होणं नेहमीचं आहे. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतं, तरी तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम. मधुमेह आहे म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा. कवळी, अंगठी, करगोटा काढून ठेवा. वडील जागे असतानाच उजव्या जांघेवर पेननं बाण काढून घ्या, आणि आत नेण्याआधी लघवी करून घ्यायला सांगा. प्रतिजैविकाचा एकच डोस, चिरा देण्याआधी तासाभरात. नंतर पाच दिवसांच्या गोळ्यांची सहसा गरज नसते.

ऑपरेशन पाऊण ते दीड तासाचं. त्याच संध्याकाळी चालवायचं. सहा-आठ तासांत लघवी झालीच पाहिजे. नाही झाली तर तळमळत रात्र काढू नये, नळी घालून दुसऱ्या दिवशी काढता येते. अंडाची पिशवी तिसऱ्या दिवशी काळीनिळी दिसेल, सुजेल. घट्ट लंगोट किंवा चड्डी वापरा, आठ-दहा दिवसांत उतरते. त्या जागी एक लिबलिबीत गाठ राहिली आणि खोकल्यावर ती धडकत नसेल तर ते पाणी साचलेलं आहे, हर्निया परतलेला नाही. सुई घालून काढायची घाई करू नये, सहा-आठ आठवड्यांत जिरतं. पॅरासिटामॉल पहिले तीन-चार दिवस दुखायची वाट न पाहता वेळेवर द्या. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या क्रिएटिनिन बघूनच. चिऱ्याखालची कातडी बधिर लागते, ती काहींची तशीच राहते. सुमारे दहातल्या एकाला तीन महिन्यांनंतरही थोडंफार दुखतं. रोजचं काम अडेल इतकं दुखणारे शंभरात एक ते तीन. ऑपरेशनआधीच खूप दुखत असेल तर हा धोका जास्त. ही गोष्ट सही करण्याआधी ऐकलेली असावी.

आता बाग. जुलैअखेर तंबाखू सुटली तर ऑगस्टअखेर ऑपरेशन होऊ शकेल. पहिल्या आठवड्यापासून घरात फिरणं, जिना. उकिडवं बसता येतं, पण कुंथायचं नाही. दहा-चौदा दिवसांनी दुचाकी, तीही उभ्या गाडीवर ब्रेक जोरात दाबून जांघेत कळ येत नाही हे पाहून. ट्रॅक्टरचे हिसके तीन आठवड्यांनंतर. उभ्यानं कात्रीची छाटणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जमते, पेस्ट लावायचं कामही. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, तो आणि क्रेट उचलणं सहा आठवडे नाही, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याहून सैल आहेत. झेपेल तसं लवकर कामाला लागा, जाळी त्यानं निसटत नाही, असं त्या सांगतात. ते कार्यालयात बसणाऱ्यांना तंतोतंत लागू करावं. दिवसभर वजन वाहणाऱ्याला दुखणं वाढून पुन्हा अंथरूण धरावं लागतं, म्हणून मी सहा आठवडे सांगतो. साखर आणि नायटा ऑगस्टमध्ये आटोक्यात आले नाहीत तर छाटणीआधी उरकायचा हट्ट सोडा, दर महिन्याला हर्निया तपासत राहा आणि काढणी संपल्यावर करा.

जखम ४८ तास कोरडी, मग साध्या पाण्यानं अंघोळ. ताप, वाढती लाली, पू किंवा पिंढरीची एकतर्फी सूज आली तर त्याच दिवशी दाखवा. आणि तीन-चार आठवड्यांनी, सगळं भरून आल्यावर, छिद्रापाशी गाठ होऊन पाणी झिरपू लागलं तर साध्या प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स घेत बसू नका. क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असलेले मायकोबॅक्टेरिया अशाच उशिरानं उगवतात. तो स्राव त्यांच्यासाठीच्या खास कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवायला सांगा, कारण नेहमीच्या कल्चरचा अहवाल 'जंतू नाहीत' असाच येतो.